नार्व्याचा सप्तकोटेश्वर आणि शिवराय

गणेशोत्सव जवळ आला की आपल्यापैकी ज्यांची मुळे गोव्यात आणि तळकोकणात आहेत, त्यांचे गावी जाण्याचे बेत सुरू होतात. चवथीला घरी पोचायचे, माटोळी बांधायला हात लावायचा, आरत्या म्हणायच्या आणि परतण्याआधी कुलदैवताच्या पायावर डोके ठेवून यायचे. यंदा जाणाऱ्यांना एक विनंती आहे. एक दिवस मोकळा ठेवा आणि डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावी जाऊन सप्तकोटेश्वराचे दर्शन घ्या. देऊळ मोठे नाही. मंगेशीला किंवा कवळ्याला जाऊन आलेल्या माणसाला ते लहानच वाटेल. पण त्याच्या दारावर एक शिलालेख आहे. हे देऊळ कोणाच्या आज्ञेने उभे राहू लागले ते त्यात कोरलेले आहे. ते नाव श्रीशिवराजांचे आहे.

शिवाजी महाराजांचे चरित्र आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अफझलखान, शाहिस्तेखान, आग्रा, राज्याभिषेक हे प्रसंग शाळेतल्या मुलालाही ओळीने सांगता येतात. या लेखात तेच चरित्र देवळांच्या वाटेने सांगायचे आहे. राजे कोणकोणत्या देवाच्या दारी गेले, कोठे थांबले, काय बांधले, आणि त्यातही नार्व्याला काय केले, हे पाहिले की या माणसाच्या स्वभावाचा एक धागा हाती लागतो.

देवळे बांधणारे घराणे

देवळांचा जीर्णोद्धार ही भोसले घराण्यातली जुनी रीत. महाराजांचे आजोबा मालोजीराजे वेरूळचे. त्यांनी घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. शिखर शिंगणापूरला यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून तेथे तळे बांधून दिले. आजही चैत्रात कावडी घेऊन शंभुमहादेवाचा डोंगर चढणाऱ्यांना त्या तळ्याची आठवण होते.

शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर झाला. त्याच सुमारास आदिलशाही फौजांनी पुणे उद्ध्वस्त केले होते. जिजाबाई आणि बाल शिवाजी पुण्यात राहायला आले तेव्हा गाव नव्याने वसवावे लागले. आऊसाहेबांनी त्या वसाहतीच्या आरंभी कसब्यातल्या गणपतीचे देऊळ उभारले, असे पुण्याची परंपरा सांगते. पुढे तोच पुण्याचा ग्रामदैवत गणपती झाला आणि सार्वजनिक गणेशोत्सवात विसर्जन मिरवणुकीचा पहिला मान त्याच्याकडे आला. उजाड झालेल्या जागी आधी देवाला छप्पर द्यायचे, मग माणसे आपोआप परत येतात, हा धडा शिवबाने अगदी लहान वयात डोळ्यांनी पाहिला.

पुढे १६५६ मध्ये जावळी हाती आली आणि प्रतापगड उभा राहिला. १६५९ मध्ये त्याच गडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा प्रसंग घडला. भोसल्यांची कुलस्वामिनी तुळजाभवानी, पण तुळजापूर आदिलशाहीच्या मुलखात. राजांना हवे तेव्हा तेथे जाणे शक्य नव्हते. त्यांनी १६६१ मध्ये प्रतापगडावरच भवानीची स्थापना केली. मूर्तीची शिळा गंडकी नदीतून आणवली, असे सांगतात. तुळजापूर कधी स्वराज्यात येईल याची वाट पाहत पूजा अडवून ठेवली नाही. जेथे आपला अंमल आहे आणि जेथपर्यंत आपले पाय पोचतात, तेथे देवीला आणले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण सात वर्षांनी नार्व्यालाही असेच काही घडणार होते.

नदी ओलांडून आलेला देव

आता थोडे मागे जाऊन सप्तकोटेश्वराची हकिकत पाहू. राजांनी कशाला हात घातला ते त्याशिवाय कळणार नाही.

सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा आराध्यदेव. बाराव्या शतकात कदंबांचे राज्य भरभराटीत असताना त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर या देवाचे नाव घातले जाई. आपल्याला मिळालेले राज्य ही सप्तकोटेश्वराची कृपा आहे, असे ते राजे नाण्यावरून जगाला सांगत. सप्तर्षींनी येथे तप केले, शंकर प्रसन्न झाला आणि सप्तकोटेश्वर नावाने राहिला, अशी कथा आहे. मूळ देऊळ मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर, नार्वे नावाच्याच वाड्यावर होते. म्हणजे नार्वी दोन आहेत, एक बेटावरचे जुने आणि दुसरे नदीच्या अलीकडचे, डिचोलीकडचे. मध्ये फक्त पाणी.

चौदाव्या शतकाच्या मध्यास बहामनी फौजा गोव्यात आल्या आणि देऊळ पडले. भक्तांनी लिंग शेतात पुरून लपवले. त्याच शतकाच्या अखेरीस गोवा विजयनगरच्या अमलाखाली आला आणि माधव मंत्र्याने देवाची पुन्हा प्रतिष्ठा केली. सुमारे दीडशे वर्षे घंटा वाजत राहिली. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली आणि १५४० च्या सुमारास बेटांवरची देवळे पाडायला सुरुवात झाली. त्यात सप्तकोटेश्वराचेही देऊळ गेले. जागेवर ख्रिस्ती प्रार्थनामंदिर उभे राहिले आणि लिंग एका विहिरीच्या काठी पाणी शेंदण्याच्या कामी लावले गेले, असे सांगतात. ज्या देवाच्या नावाने राजे नाणी पाडत होते, त्याच्यावर ही वेळ आली.

त्या काळी असे दुःख एकट्या सप्तकोटेश्वराच्या वाट्याला आले नव्हते. कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. रात्रीच्या अंधारात, होडीतून किंवा डोक्यावरून, पुजारी आणि महाजन आपापले देव घेऊन निघाले. जे मागे राहिले त्यांनी घराच्या आतल्या खोलीत कागदावरच्या चित्राची पूजा केली. आजही गोव्यातल्या काही घराण्यांत चवथीला मातीची मूर्ती आणत नाहीत, कागदावरचा गणपती पुजतात. कोणी विचारले तर आमच्याकडे असेच चालत आले आहे, एवढेच उत्तर मिळते. त्या चालत आलेल्यामागे सोळाव्या शतकातले भय आहे.

सप्तकोटेश्वराच्या भक्तांनीही एका रात्री लिंग उचलले आणि नदीपार केले. पलीकडची डिचोली, तेव्हाचे भतग्राम, आदिलशाहीत होती. तेथे पोर्तुगीजांचा कायदा चालत नव्हता. भतग्रामचे सरदेसाई नारायण शेणवी सूर्यराव यांनी यात पुढाकार घेतला, असे परंपरा सांगते. डोंगराच्या कुशीत, झाडीत, सहज दिसणार नाही अशा जागी देव बसला. मूळ गावाचे नावही त्याच्याबरोबर नदी ओलांडून आले.

देव आला खरा, पण देऊळ साधेसुधेच राहिले. अशा स्थलांतरात मोठे बांधकाम करायला मन घेत नाही. आज ना उद्या परत जाऊ, अशी आशा असते. पक्के बांधले तर परतीची वाट आपणच बंद केली, असे वाटते. शिवाय पैसा कोठला, आणि संरक्षण कोण देणार? असे करता करता शंभर वर्षांहून अधिक काळ गेला. लिंग वाचवणारी पिढी गेली, त्यांची नातवंडेही गेली.

दर्यातून गोकर्णाला

इकडे शिवाजीराजांची नजर कोकणाकडे वळली होती. १६६४ मध्ये त्यांनी कुडाळच्या मुलखात खवासखानाचा पराभव केला. वाडीच्या लखम सावंतांना मागे रेटले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचा पाया घातला. कुडाळाबरोबर पेडणे आणि डिचोलीकडच्या मुलखाशी त्यांचा संबंध आला.

१६६५ च्या फेब्रुवारीत राजे मालवणाहून आरमार घेऊन निघाले आणि समुद्रमार्गाने थेट बसरूरवर गेले. राजांनी स्वतः केलेली ही सागरी स्वारी. बसरूरहून परतताना ते गोकर्णाला उतरले. महाशिवरात्रीची पर्वणी होती. तीर्थस्नान केले, महाबळेश्वराचे दर्शन घेतले आणि मग पायदळासह अंकोला-कारवारकडे कूच केले. कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांनी आपल्या पत्रात या स्नानाची नोंद केली आहे. त्यांना राजांच्या भक्तीशी काही कर्तव्य नव्हते. राजा वखारीवर कधी येऊन पोचतो, एवढीच त्यांना काळजी. पण त्यांच्यामुळे आपल्याला हे कळते की मोहिमेच्या ऐन धावपळीतही राजे यात्रेकरू होऊन पाण्यात उतरले होते.

त्यानंतरची दोन वर्षे त्यांच्या आयुष्यातली कठीण वर्षे. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. मे १६६६ मध्ये आग्र्याच्या दरबारात अपमान आणि नजरकैद, ऑगस्टमध्ये सुटका. राजे परत आले, पण लगेच मोगलांशी नवे युद्ध काढणे परवडणारे नव्हते. त्या उसंतीत त्यांनी दक्षिण कोकण आणि गोव्याकडे लक्ष दिले.

गोव्याचा डाव

कुडाळकडचे लखम सावंत, केशव नाईक वगैरे देसाई पोर्तुगीज हद्दीत आसरा घेऊन राजांच्या मुलखाला उपद्रव देत होते. नोव्हेंबर १६६७ मध्ये राजांच्या फौजा बारदेशात शिरल्या. ही स्वारी सौम्य नव्हती. गावे लुटली गेली, कोलवाळला पाद्री मारले गेले, बायकामुलांसह पुष्कळ लोक कैद झाले. डिसेंबरात तह झाला आणि पकडलेल्या रयतेला सोडण्यात आले. महाराजांचे चरित्र सांगताना हा भागही सांगायला हवा. बारदेशातल्या त्या घरांनी ते दिवस दुःखाचेच भोगले.

पुढच्या वर्षी, १६६८ च्या पावसाळ्यानंतर, राजांनी वेगळा डाव मांडला. त्यांची माणसे वेगवेगळ्या वेषांत, थोडी थोडी करून गोवे शहरात शिरू लागली. संख्या चार-पाचशेपर्यंत गेली की एका रात्री आतून दरवाजा उघडायचा आणि बाहेरची फौज आत घ्यायची, असा बेत होता. तो साधला असता तर तिसवाडी आणि दिवाडी बेट स्वराज्यात आले असते. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थानही परत मिळाले असते.

डाव फसला. व्हिसेरेई कोंद दि सांव व्हिसेंती याला संशय आला. शहरात झडती झाली, माणसे पकडली गेली आणि राजांच्या वकिलाला हाकलून देण्यात आले. योगायोग असा की त्याच नोव्हेंबर महिन्यात हा व्हिसेरेईही मरण पावला. पण सावध झालेले गोवे आता हाती येण्यासारखे राहिले नव्हते. पुरंदर आणि आग्रा पचवलेल्या राजांच्या पदरी आणखी एक अपयश आले.

कार्तिक वद्य पंचमी

राजे त्या वेळी ३८ वर्षांचे होते. दिवाळी होऊन जेमतेम वीस दिवस झाले होते. पाऊस संपून डिचोलीकडची भातशेती कापणीला आली असेल, नदीचे पाणी निवळले असेल. नार्व्याची परंपरा सांगते की राजे देवदर्शनाला आले. समोर देव, साध्या छपराखाली. मागे नदी. नदीपलीकडे दिवाडी, जेथून देव आला आणि जेथे पोचण्याचा आपला बेत नुकताच मोडला.

अशा वेळी एखादा राजा देवापुढे नवस बोलून गेला असता की गोवे जिंकीन तेव्हा तुला तुझ्या जागी नेऊन सोन्याचा कळस चढवीन. ऐकायला ते शोभून दिसले असते. पण देव मात्र छपराखालीच राहिला असता, आणि आज आपल्याला माहीत आहे की महाराजांच्या हयातीत दिवाडी बेट स्वराज्यात आले नाही. राजांनी दुसरी गोष्ट केली. देव आज जेथे आहे तेथेच देऊळ बांधायला घ्या, अशी आज्ञा दिली. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी. इंग्रजी गणनेने हा दिवस १३ नोव्हेंबर १६६८ धरला जातो.

ही तिथी दारावरच्या संस्कृत शिलालेखात आहे. लेख छोटा आहे. देवाचे नाव, शक, संवत्सर, तिथी, आणि श्रीशिवराजांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाला एवढाच मजकूर. बिरुदावली नाही. राज्याभिषेकाला अजून सहा वर्षे अवकाश होता, त्यामुळे छत्रपती हे पदही नाही. कोणाला हरवले, काय जिंकले, याचा शब्द नाही. आणखी एक गोष्ट वाचताना सहज निसटते. लेखात देऊळ पूर्ण झाल्याची नोंद नाही, प्रारंभाची आहे. राजे पुढच्या कामाला निघून गेले आणि दगड रचण्याचे काम गावकऱ्यांनी आणि कारागिरांनी केले. शंभर वर्षे जे गावकरी पक्के बांधायला धजत नव्हते, त्यांना आता पाठीशी कोणी तरी आहे एवढा भरवसा मिळाला होता.

या आज्ञेचा अर्थ समजायला पुढच्याच वर्षाकडे पाहावे. १६६९ मध्ये औरंगजेबाने देवळे पाडण्याचे फर्मान काढले आणि काशीच्या विश्वेश्वराचे देऊळ पडले. ज्या काळात देवळे पाडणे हे सत्तेचे लक्षण मानले जात होते, त्या काळात एका लहानशा राज्याचा धनी फसलेल्या मोहिमेनंतर नदीकाठच्या खेड्यात देऊळ उभे करवीत होता. त्यासाठी त्याने दुसऱ्या कोणाचे देवस्थान पाडले नाही. लुटीत कुराणाची प्रत सापडली तर ती आदराने मुसलमानाच्या स्वाधीन करावी, मशिदींना हात लावू नये, हा त्यांचा दंडक खाफीखानासारख्या विरोधी इतिहासकारानेही नोंदवला आहे.

पुढची वाट

पोर्तुगीजांशी फेब्रुवारी १६७० मध्ये राजांचा तह झाला. त्याच वर्षी मोगलांकडून किल्ले परत घेण्याचा धडाका सुरू झाला. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. आणि १६७५ च्या मे महिन्यात फोंड्याचा कोट पडला. फोंडा म्हणजे अंत्रुज महाल. मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा हे सारे नदीपार आलेले देव ज्या मुलखात वस्तीला होते, तो मुलूख स्वराज्यात आला. नार्व्याला जे एका देवळापुरते झाले होते, ते आता आसरा घेतलेल्या इतर देवांनाही मिळाले. कवळ्याचे शांतादुर्गेचे आजचे देऊळ महाराजांचे नातू शाहू छत्रपती यांच्या काळात, नारोराम मंत्र्यांच्या खटपटीने उभे राहिले.

१६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाला जाताना महाराज भागानगरहून श्रीशैलावर गेले आणि मल्लिकार्जुनापाशी काही दिवस राहिले. तेथल्या शांततेने त्यांचे मन इतके भरून आले की हे शीर येथेच देवाला वाहावे असे त्यांना वाटले आणि बरोबरच्या लोकांनी त्यांना आवरले, अशी कथा बखरीत आहे. तेथेही त्यांनी घाट आणि गोपूर बांधण्याची व्यवस्था केली आणि मग पुढची वाट धरली. दर्शन झाले की तेथे लोकांच्या उपयोगाचे काही तरी ठेवून निघायचे, ही मालोजीराजांपासूनची रीत त्यांनी सोडली नाही.

३ एप्रिल १६८०, चैत्र पौर्णिमेला, महाराजांनी रायगडावर देह ठेवला. जगदीश्वराच्या देवळासमोर त्यांची समाधी आहे. जगदीश्वराचे देऊळ आणि नार्व्याचे सप्तकोटेश्वर ही दोन्ही पाहिलेल्या माणसाला एक साम्य जाणवते. दोन्हींवर उंच नक्षीदार शिखर नाही, घुमट आहे. दोन्ही देवळे भक्कम, साधी आणि त्या वेळच्या कारागिरांना जे बांधता येत होते त्यातून उभी राहिलेली.

देऊळ राहिले

महाराजांनंतर डिचोलीने पुष्कळ पाहिले. संभाजीराजे येथे येऊन राहिले. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर त्यांच्या आश्रयाने याच भागात होता आणि डिचोलीचे नमाजगाह त्याच दिवसांची खूण म्हणून दाखवतात. पुढे वाडीच्या सावंतांचा अंमल आला. अठराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल पोर्तुगीजांकडे गेले. पण तोपर्यंत अडीचशे वर्षांत पोर्तुगीज राजवट बदलली होती. नव्याने मिळालेल्या या मुलखात तिने देवळांना हात लावला नाही. सप्तकोटेश्वराला तिसऱ्यांदा जागा सोडावी लागली नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा देव जेथे राजांनी बसवला तेथेच होता.

अलीकडे गोवा सरकारने या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते भाविकांसाठी पुन्हा खुले झाले. कौलारू उतरते छप्पर, आत लांबट मंडप, गाभाऱ्यावर घुमट, समोर दीपस्तंभ, सभोवती झाडी. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या पंचगंगेवर जत्रा भरते आणि लोक स्नानाला येतात. चवथीच्या आधी दहा-अकरा दिवसांवर हा सण असतो, तेव्हा रजा लवकर मिळणाऱ्यांना तोही योग साधता येईल.

जाण्याच्या वाटा दोन आहेत. पणजीहून डिचोलीमार्गे गाडीने थेट देवळापर्यंत जाता येते. पण जमले तर दुसऱ्या वाटेने जावे. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरावे. तेथे जुन्या देवस्थानाच्या कोटितीर्थ तळ्याचे अवशेष आहेत, ते पाहावेत. मग बेट ओलांडून नार्व्याच्या धक्क्यावर यावे आणि पुन्हा फेरीबोटीत बसावे. पाणी थोडेच आहे, दोन-चार मिनिटांत पलीकडे पोचतो. सोळाव्या शतकात अंधारात लिंग घेऊन निघालेल्या माणसांना हेच पात्र केवढे वाटले असेल, याचा विचार त्या दोन-चार मिनिटांत मनात येतोच.

गाभाऱ्यातले दर्शन झाल्यावर बाहेर येऊन दारावरचा लेख पाहावा. अक्षरे कळली नाहीत तर कोणाला तरी विचारावे, तेथे सांगणारी माणसे भेटतात. आपल्यासारख्या, गाव सोडून दूर स्थायिक झालेल्या लोकांना त्या लेखात एक आधार सापडतो. आपणही देव बरोबर घेऊन आलो आहोत. दर वर्षी मंडप घालतो, दर वर्षी उतरवतो, आणि मुलांना मराठी शिकवण्याचे किंवा मंडळासाठी कायमची वास्तू घेण्याचे विषय निघाले की परत गेल्यावर पाहू, असे म्हणून पुढे ढकलतो. नार्व्याचे लोक शंभर वर्षे तेच म्हणत होते. राजांनी त्यांना देव आहे तेथे बांधायला लावले आणि बेटाची आठवण पुसली नाही, कारण गावाचे नाव तेच राहिले.

यंदाच्या बैठकीत तो विषय निघेल तेव्हा कार्तिक वद्य पंचमीची आठवण ठेवावी. महाराजांनी तेव्हा प्रारंभच केला होता.

गणपती बाप्पा मोरया!